हिवाळी पक्षीमोजणीला पहिल्यांदा निघताना: सोलापूरची तळी आणि नान्नजचा माळ

डिसेंबर लागला की दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "यंदा मोजणीला मीही येऊ का? पण मला पक्षी फारसे ओळखता येत नाहीत हो." या. चार जणांच्या गटात दोघांची ओळख पक्की असली की काम भागतं. उरलेल्या दोघांनी नीट मोजायचं आणि नीट लिहायचं. खरं तर चांगला लिहिणारा मिळणंच जास्त अवघड असतं. दोनशे जाती ओळखून वही कोरी ठेवणाऱ्यापेक्षा वीसच जाती ओळखणारा, पण त्या वीस इमानदारीने मोजणारा माणूस त्या दिवशी फार मोलाचा.

खालचं सगळं एका दिवसाच्या हिशेबाने लिहिलंय: सकाळी तलाव, दुपारी शेतशिवार, संध्याकाळी माळ. एवढं जमण्यासारखं नसेल तर नुसती सकाळ करा. तीन जागा अर्धवट करण्यापेक्षा एक पुरी केलेली बरी.

१. कोणती मोजणी करायची ते आधी ठरवा

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. भारतात तिचं काम वेटलँड्स इंटरनॅशनल आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांच्या पुढाकाराने चालतं. महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अनेक देशांतल्या तळ्यांवर एकाच सुमारास माणसं मोजायला उभी राहतात. जानेवारीच का, तर तोवर उत्तरेकडून आलेले पक्षी ठिकाणी पोचून स्थिरावलेले असतात आणि परतीची हालचाल सुरू झालेली नसते. एकच थवा दोन जिल्ह्यांत मोजला जाण्याची भीती कमी. या गणनेत फक्त पाण्याशी संबंध असलेले पक्षी धरतात.

फेब्रुवारीत चार दिवसांची 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असते. त्यात गच्चीवरून किंवा परसातून किमान १५ मिनिटं पाहिलेले सगळे पक्षी नोंदवता येतात. अगदीच नवखे असाल तर तिथे हात बसवा.

सरावाला आणखी एक मुहूर्त म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह. ५ नोव्हेंबर हा आपल्या सोलापूरच्याच मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. त्या आठवड्यात ठिकठिकाणी पक्षी दाखवायच्या सहली निघतात. तिथे ओळखी होतात आणि जानेवारीच्या गटात जागाही मिळते.

२. जागा आणि तारीख

नवख्यांसाठी माझी पहिली पसंती हिप्परग्याचा एकरुख तलाव. तुळजापूर रस्त्याला, शहरापासून जवळ, ब्रिटिश काळात १८७१ साली पुरा झालेला. पाणी विस्तीर्ण, काठ उघडा, आणि बदकांपासून चिखलपायी पक्ष्यांपर्यंत सगळं एका सकाळीत बघायला मिळतं. शहरातच किंवा लगतच राहायचं असेल तर विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव किंवा होटगी तलाव. अक्कलकोट तालुक्यात कुरनूर धरण आहे. उजनीचा पसारा मात्र एवढा मोठा की तिथे अनुभवी गटाबरोबरच जावं. एकट्या गटाने 'उजनी मोजली' असं म्हणण्यात काही अर्थ नसतो. एक ठरलेला पट्टा मोजायचा असतो.

तारखेत आपल्याकडे एक खास अडचण आहे. संक्रांतीच्या आगेमागे सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. नंदीध्वज, होम मैदानावरची गर्दी, शोभेचं दारूकाम. त्या दिवसांत सिद्धेश्वर तलावावर मोजलेला आकडा एरवीच्या हिवाळ्याचा नसतो. शहरातला तलाव मोजायचाच असेल तर यात्रेच्या मुख्य दिवसांपासून लांबचा, पण गणनेच्या मुदतीतला दिवस धरा. संक्रांतीला पतंगाचा मांजाही झाडांवर लोंबत असतो. अडकलेला पक्षी दिसला तर मोजणी थांबवा आणि आधी त्याची सोडवणूक बघा, वनविभागाला कळवा.

जायच्या आधी आठवडाभरात कुणीतरी एकदा जागेवर जाऊन यावं. पाणी कुठवर आलंय, गाडी कुठे लावता येईल, काठाने चालता येतं का, एवढं तरी बघून यावं. पाऊस चांगला झालेल्या वर्षी तलाव तुडुंब असतो आणि चिखलाचा काठच उरत नाही. मग शेकाटे, तुतवार, टिलवे दिसणार कुठे? गेल्या वर्षी चारशे आणि यंदा चाळीस, असा आकडा पाहून घाबरण्याआधी पाण्याची पातळी बघायची ती यासाठी.

३. परवानग्या आणि कागदपत्रं

सार्वजनिक तलावाच्या काठावर बहुतेक वेळा वेगळी परवानगी लागत नाही. धरणाच्या भिंतीवर, दरवाज्यांजवळ मात्र विचारल्याशिवाय जाऊ नका. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून संरक्षित आहे. तिथे आत जायचं तर वनविभागाची परवानगी घ्यायचीच, आणि वनरक्षक बरोबर असेल तर त्याचं ऐकायचं. माळ कुठे वाट देतो, लांडग्याचा वावर कुठे आहे, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

सोबत ठेवा:

- प्रत्येकाचं ओळखपत्र (आधार चालतं)
- वनविभागाच्या परवानगीची छापील प्रत. मोबाइलवरची पुरत नाही, माळावर रेंज दगा देते
- गणनेच्या समन्वयकाचं पत्र किंवा संदेश
- कोरे फॉर्म, गटातल्या माणसांपेक्षा दोन जास्त
- गाडीची कागदपत्रं

समन्वयकाच्या पत्राचा उपयोग अधिकाऱ्यांपेक्षा गावकऱ्यांपुढे जास्त होतो. तिवईवर स्कोप (लांबचं दाखवणारी एकनळी दुर्बीण) लावून चार माणसं बांधावर उभी दिसली की शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो रस्त्याच्या मोजणीचा. जमीन जाईल या धास्तीत असलेल्या माणसाला ते साहजिकच आहे. म्हणून आधी आपण जाऊन रामराम करायचा. "काय पाहुणं, कसली मोजणी चाललीय?" असं विचारलंच, तर "दादा, पाखरं मोजतोय, या की तुम्ही पण बघा" म्हणून स्कोप त्यांच्या डोळ्याला लावून द्यायचा. तलवार बदकाचा नर एकदा जवळून दिसला की पुढची दहा मिनिटं तेच आपल्याला सांगत असतात, रात्री हंस कुणाच्या हरभऱ्यात उतरतात ते. ही माहिती कुठल्याच पुस्तकात मिळत नाही.

४. सामान

८×४२ किंवा १०×४२ चं बायनॉक्युलर पुरे. नवीन घ्यायची घाई करू नका, पहिल्या वर्षी गटातलं वापरा. तलावासाठी गटात एक स्कोप हवाच, कारण पाण्याच्या मध्यभागी बसलेली बदकं बायनॉक्युलरमधून नुसते ठिपके दिसतात. हाताने दाबायचा आकडेयंत्र असेल तर उत्तम. वही बांधीव घ्या, सुटे कागद वाऱ्यावर जातात. पेनापेक्षा पेन्सिल बरी, दवाने ओली झालेली वहीसुद्धा पेन्सिलीने लिहिता येते.

कपडे मातकट किंवा हिरवट. पांढरा शर्ट लांबून चमकतो. पहाटे कडाक्याची थंडी आणि अकराला चटके देणारं ऊन, असा आपला जानेवारी. त्यामुळे कपडे एकावर एक घाला. चादर गाडीत असू द्या, पहाटे स्कोपजवळ तासभर न हलता उभं राहताना ती स्वेटरपेक्षा कामी येते. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि माणशी दोन लिटर पाणी. माळावर सावली नाही, हे लक्षात ठेवा.

५. आदल्या आठवड्यात एवढे पक्षी पाठ करा

शंभर जाती घोकत बसू नका. तलावासाठी ही यादी पक्की करा: वारकरी (चांदवा), थापट्या, तलवार बदक, चक्रांग, चक्रवाक, हळदी-कुंकू बदक, पट्टकादंब, शेकाट्या, पाणकावळा, राखी बगळा, चित्रबलाक, चमचा, नदी सुरय. नर ओळखणं सोपं असतं. अडतं ते मादीपाशी, कारण बदकांच्या माद्या बहुतेक तपकिरीच. तिथे रंग सोडून आकार बघा: थापट्याची फावड्यासारखी रुंद चोच, तलवार बदकाची लांब मान आणि टोकदार शेपूट, चक्रांगाचं इवलंसं अंग.

माळासाठी: चंडोल, डोंबारी चंडोल, माळटिटवी, धाविक, पखुर्डी, गप्पीदास, खाटीक, कापशी, खरुची आणि भोवत्या.

६. सकाळ: तलावावर उभं कसं राहायचं

जानेवारीत सोलापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला काठावर पोचा. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहायचं, म्हणजे ऊन पाठीवर आणि पक्षी उजेडात. पश्चिम काठावर उभे राहिलात तर पाण्याची चमक डोळ्यांवर येते आणि सगळी बदकं काळीच दिसतात. हा साधा नियम मोडला की अर्धी सकाळ वाया.

मोठ्या तलावाचे तुकडे पाडा. काठावर तीन-चार उभं राहण्याच्या जागा ठरवा आणि प्रत्येक जागेवरून कुठल्या खुणेपासून कुठल्या खुणेपर्यंत मोजायचं ते बोलून घ्या: "मंदिराच्या शिखरापासून त्या एकट्या बाभळीपर्यंत आपलं." हद्द आखली नाही तर मधले पक्षी दोनदा मोजले जातात किंवा दोघेही समोरचा मोजेल म्हणून सोडून देतात.

काम वाटून घ्या. एक स्कोपवर, एक लिहायला, एक आकाशावर. हा तिसरा माणूस महत्त्वाचा. कुठला थवा उठला, कुठे गेला, आपल्या हद्दीतून बाहेर पडला की बाहेरून आत आला, हे तो सांगतो. मोजून झालेला थवा उडून पुढच्या गटाच्या हद्दीत उतरला तर लगेच फोन करून कळवा.

पाण्याच्या अगदी कडेला जाऊ नका. पक्षी माना उंच करून तुमच्याकडे बघायला लागले की तुम्ही जवळ गेलात असं समजा आणि चार पावलं मागे या. फोटोसाठी थवा उडवणाऱ्याला मोजणीच्या गटात जागा नसावी, असं माझं ठाम मत आहे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची ताकद आपल्या एका फोटोसाठी खर्ची घालायची नाही.

७. मोठा थवा मोजायचा कसा

नवखे सर्वांत जास्त घाबरतात ते इथे. समोर वारकऱ्यांचा काळा पट्टा पसरलेला, सगळे हलताहेत, काही बुडी मारताहेत. काय करायचं?

पट्ट्याच्या डाव्या टोकाचे दहा पक्षी एकेक करून मोजा. ते दहा स्कोपच्या वर्तुळात किती जागा घेतात ते डोळ्यात साठवा. आता तेवढीच जागा पुढे, पुन्हा पुढे, असं सरकत जा आणि प्रत्येक सरकण्याला आकडेयंत्र एकदा दाबा. सतरा वेळा दाबलं तर १७०. मग उजवीकडून डावीकडे पुन्हा मोजा. दुसऱ्यांदा १९० आले तर दोन्ही आकडे वहीत लिहा आणि १८० धरा. १७० आणि ३०० असा फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा, कारण कुठेतरी गल्लत झालीय. थवा हजाराच्या घरातला असेल तर दहाऐवजी पन्नासचा तुकडा धरा. तुकड्याचा आकार मध्येच बदलू नका, आणि थवा विरळ-दाट असेल तर दोन्हीकडे वेगळा तुकडा मोजून घ्या.

मिश्र थव्यात सगळ्या जाती एकाच फेरीत मोजायला जाऊ नका. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्कोप फिरवताना फक्त थापटे. परत येताना फक्त तलवार बदकं. वेळ लागतो, पण आकडा भरवशाचा येतो.

'खूप', 'असंख्य', 'हजारच्या वर' हे शब्द वहीत नकोत. अंदाज असेल तर अंदाज म्हणून आकडा लिहा. ओळख पटली नाही तर 'बदक, जात अनिश्चित, ४०' असं लिहा. ही नोंद पूर्ण खरी आहे, आणि गणना करणाऱ्यांना ती हवी असते. शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या माणसाला बरं वाटावं म्हणून जात ठोकून देऊ नका. आणि तलावावर एकही पट्टकादंब नसेल तर तसं लिहा. तो शून्यसुद्धा मोजणीचाच भाग आहे, बाकी यादीइतकाच.

पट्टकादंबाची एक वेळ असते. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला हा हंस रात्री आणि भल्या पहाटे शेतात चरतो, दिवसा पाण्याकाठी विसावतो. त्यामुळे पहाटेच मोजून निघालात तर अर्धे शेतातच राहून जातात. आठनंतर, साधारण दहापर्यंत, त्यांच्यासाठी एक वेगळी फेरी ठेवा. थवा परतताना आधी आवाज येतो, मग आकाशात तिरकी रांग दिसते. उतरू द्या, माना खाली जाऊ द्या, मग मोजा.

८. दुपार: ज्वारीच्या शिवारातून

पाणपक्षी गणनेच्या फॉर्ममध्ये हा भाग येत नाही, पण वेगळी यादी करून ठेवावी. जानेवारीत मालदांडी कणसावर असते आणि हुरड्याचे दिवस असतात. मध्य आशियाकडून आलेल्या भोरड्या आणि भारीट याच कणसांवर तुटून पडतात. भोरड्यांचा थवा बसलेला असताना मोजणं जवळजवळ अशक्य. तो उडून वळतो तेव्हा पसरतो, त्या क्षणी तुकड्याच्या पद्धतीने मोजायचा.

मचाणावर गोफण घेऊन उभा असलेला शेतकरी या पक्ष्यांकडे आपल्यासारखा बघत नाही, आणि त्याने तसं बघावं अशी अपेक्षाही धरू नये. त्याचं पीक जातंय. त्याला शहाणपण शिकवू नका. बांधावरूनच चाला, उभ्या पिकात पाय घालू नका, हुरड्याचा आग्रह झाला तर बसा. भोरड्या टोळसुद्धा खातात, हे त्यालाही ठाऊक असतं. गप्पांत ते आपसूक निघतं.

बारा ते साडेतीन पक्षी शांत असतात. जेवा, सकाळची वही तपासा, पाऊण तास डोळा लावा.

९. संध्याकाळ: माळावरचे भोवते

दिवसातला माझा सगळ्यात आवडता भाग हा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नान्नज बार्शी रस्त्यावर आहे. एसटीनेही जाता येतं, पण परतीची गाडी आधी विचारून ठेवा. लोक अजूनही माळढोक बघायच्या आशेने इथे येतात. आता तो क्वचितच नजरेस पडतो. पुरा माळ त्याच्या नावाने राखला गेला आणि त्या आडोशाला काळवीट, लांडगा, धाविक, पखुर्डी टिकून राहिले. त्यांची नोंद तितक्याच काळजीने करा. माळढोक दिसलाच तर जागा फक्त वनविभागाला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि ठिकाण टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे दहा गाड्या उभ्या राहतात.

साडेचार ते साडेपाच पायी फेरी. परवानगी असलेल्या वाटेवरूनच, एकदीड किलोमीटर, अगदी सावकाश. दोघांनी डावीकडे, दोघांनी उजवीकडे बघायचं. मागून उडून पुढे गेलेला पक्षी पुन्हा धरायचा नाही. चंडोल बसलेला दिसणं कठीण, तो पायाजवळून उडतो तेव्हाच कळतो. धाविक मात्र दोन पावलं धावतो आणि ताठ उभा राहतो, त्या थांबण्यावरून ओळखा.

साडेपाचला उंचवट्यावर एका जागी बसा. सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. त्याआधी पाऊण तास भोवते यायला लागतात. हे शिकारी पक्षी कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशातून हिवाळ्यासाठी येतात, दिवसभर माळावर टोळ, उंदीर, लहान पक्षी धुंडाळतात आणि रात्री उंच गवतात जमिनीवरच एकत्र झोपतात. एक येतो, पंख किंचित वर उचलून गवताला घासत जातो, उतरतो, पुन्हा उठतो. मग दुसरा. उजेड कमी होता होता चारही दिशांनी येत राहतात.

मोजायचे ते फक्त उतरलेले. फिरणारे मोजू नका, एकच भोवत्या पाच फेऱ्या मारतो. दर दहा मिनिटांना 'उतरले किती, पुन्हा उठले किती' असं लिहीत जा आणि शेवटी वजाबाकी करा. करडा नर असेल तर माँटेग्यूचा की फिकट भोवत्या हे जाणत्याकडून पक्कं करून घ्या. माद्या आणि पिल्लं तपकिरी असतात, त्या उजेडात त्यांची जात ठरवायच्या फंदात पडू नका. 'भोवत्या, अनिश्चित' पुरे.

झोपायच्या जागेपासून निदान दोन-तीनशे मीटर लांब राहा. टॉर्च नको, आवाज नको, ड्रोन तर मुळीच नको. एकदा तिथून उठवले गेले की अंधारात त्यांना नवी जागा शोधावी लागते आणि जमिनीवर कुत्री, लांडगे, कोल्हे असतातच. पूर्ण अंधार पडला की आल्या वाटेने मुकाट्याने परत या.

१०. त्याच रात्री नोंदी भरा

कितीही दमलात तरी वही त्याच रात्री उतरवा. दोन दिवसांनी 'चक्रां ३५' म्हणजे चक्रांग की चक्रवाक हे कुणालाच आठवत नाही.

पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ईबर्ड अ‍ॅपवर भरताना तलाव, शिवार आणि माळ यांच्या तीन स्वतंत्र याद्या करा. दिवसभराची एकच यादी निरुपयोगी ठरते, कारण कुठला पक्षी कुठे होता ते कळत नाही. सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती अंतर आणि निरीक्षक किती हे खरं तेच भरा. दिसलेले आणि ओळखलेले सगळे पक्षी लिहिले असतील तरच 'पूर्ण यादी'ला हो म्हणा. कावळे, साळुंक्या, पारवे गाळून केलेली यादी पूर्ण नसते.

पाणपक्षी गणनेचा जागेचा फॉर्म वेगळा असतो. त्यात तलावाची अवस्थाही विचारतात. पाणी किती, जलपर्णी आहे का, मासेमारीची जाळी, सांडपाणी, कचरा, भटकी कुत्री, काठावरचं बांधकाम, जे दिसलं ते लिहा. हा रकाना बरेच जण रिकामा सोडतात. पुढे कधी त्या तलावासाठी भांडायची वेळ आली तर पक्ष्यांच्या आकड्यांइतकाच हा रकानाही पुरावा म्हणून लागतो.

नेहमीपेक्षा फार मोठा आकडा किंवा आपल्याकडे दुर्मीळ असलेला पक्षी लिहिला असेल तर तपासणारे विचारणा करतात. राग मानू नका. कसं मोजलं, काय खुणा दिसल्या, किती लांबून पाहिलं, एवढं सांगा. खात्री देता येत नसेल तर नोंद 'अनिश्चित'मध्ये बदला. वहीची पानं मात्र फाडू नका. उभं राहण्याच्या जागांच्या खुणा त्याच वहीत असतात, आणि पुढच्या जानेवारीत तुमच्या जागी दुसरा कुणी मोजायला गेला तर त्याला नेमक्या त्याच बाभळीपासून सुरुवात करावी लागते.